मुरलेला चहा

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घरी चहाचे आधण शेगडीवरून असे उतरतच नाही. एक पाहुणा उठतो तो दुसरा जिना चढत असतो. इकडे चकलीची बशी पुढे करावी, तर तिकडे कपबशांची जुळवाजुळव चाललेली. दर आठवड्याला या सदरात आपण फडताळातला एकेक डबा उघडून पाहतो; तेव्हा दिवाळी अंकासाठी चहाचाच डबा काढावा, असे मी ठरवले. डबा मात्र नेहमीचा नाही. नेहमीच्या चहाबद्दल तुम्हांला मी काय सांगणार? तो कसा करावा याविषयी प्रत्येक घराचे मत ठाम असते, आणि शेजारच्या घरी तो कसा बिघडतो याविषयीचे मत त्याहून ठाम. आजचा डबा आहे चिनी पिवळ्या चहाचा.

तो आमच्या घरात आला तेव्हा झालेली फजिती आधी सांगून टाकते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा चीनमध्ये ग्वांगझाऊ शहरी नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी तो सुटीवर आला, तेव्हा तळहातावर मावेल एवढा पत्र्याचा एक डबा त्याने माझ्या हाती ठेवला. "काकू, हा पिवळा चहा. तिकडच्या माणसांनाही सहसा मिळत नाही. जपून वापरा हं," असे बजावून तो अंघोळीला गेला, आणि मी भाजी आणायला खाली उतरले. घरात राहिल्या सासूबाई. वय वर्षे चौऱ्याऐंशी, आणि नातू आला म्हणून अंगात दहा हत्तींचे बळ. मी परत येते तो स्वयंपाकघरात चहा रटरटत होता. आले ठेचून घातलेले, साखर पडलेली, दूध ओतलेले. "अगं, हा कसला चहा म्हणायचा?" त्या मलाच विचारू लागल्या. "चार चमचे घातले, तरी रंग म्हणून येत नाही मेल्याला!" नातू खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला, त्याने पातेल्यात डोकावून पाहिले आणि मटकन खुर्चीवर बसला. आजीने केलेला चहा मात्र बिचाऱ्याने निमूटपणे संपवला.

उरलेला चहा दुसऱ्या दिवशी आम्ही रीतसर केला. काचेच्या पेल्यात, उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात, दूधसाखरेवाचून. पाण्याला फिकट हिरवी झाक आली. वास नुकत्याच कापलेल्या गवताचा. घोट घेतल्यावर शेवटी जिभेला किंचित तुरट. तळाशी बसलेल्या कळ्या तर कोवळ्या मटारासारख्या हिरव्यागार. "छान आहे," असे सगळेच म्हणालो. पण माझ्या मनात किंतु राहिला. चहा छान होता, कबूल. मग त्यात पिवळे ते काय होते?

या एका प्रश्नाच्या मागे लागून मी पुष्कळ वाचले, चहाचा व्यवहार करणाऱ्या दोघातिघांना विचारले. उत्तर मिळाले ते असे की, डब्यावरचे नाव पिवळ्या चहाचे आणि आतला माल हिरव्या चहाचा! बरे, हे आमच्याच नशिबी आले असेही नाही. पिवळ्या चहाच्या नावाखाली हिरवा किंवा हिरव्याच्या जवळचा चहा विकला जाणे ही आता चीनमध्येही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. असे का होते, ते कळायचे तर मुळात पिवळा चहा म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

आधी दोनचार गैरसमज दूर करू. किराण्याच्या दुकानात मिळणारा 'लिप्टन यलो लेबल' हा पिवळा चहा नव्हे. पिवळे आहे ते लेबल. आत आपला नेहमीचाच काळा चहा. चीनमध्ये 'ह्वांग-चिन-या' नावाचा एक चहा मिळतो, त्याचे झाडच पिवळसर पानांचे असते. पण त्या पानांचाही बहुधा हिरवाच चहा करतात. 'आन्-ची पाय-छा' याचा अर्थ 'आन्-चीचा पांढरा चहा', आणि तोही असतो हिरवा. त्यात भर म्हणजे चिनी भाषेत 'पिवळा' आणि 'बादशहा' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'ह्वांग' असाच होतो. परक्या गिऱ्हाइकाचा गोंधळ व्हायला आणखी काय हवे?

चहाचे झाड एकच, हे आज आपल्याला ठाऊक आहे. युरोपातल्या पंडितांना मात्र ते कळायला फार उशीर लागला. वनस्पतींना नावे देणाऱ्या प्रख्यात लिनीअसने १७६२ साली हिरव्या चहाचे झाड वेगळे आणि काळ्या चहाचे वेगळे अशा दोन जाती नोंदवून ठेवल्या होत्या. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश माळी ईस्ट इंडिया कंपनीच्या कामगिरीवर १८४८ साली चीनमध्ये शिरला, डोक्याचा तुळतुळीत गोटा करून, मागे शेंडी लावून, चिनी वेषात. हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा होऊ शकतो, हे त्याने स्वतः मळ्यांत जाऊन पाहिले आणि लिहिले. हिमालयाच्या पायथ्याशी कंपनीने लावलेल्या मळ्यांसाठी रोपे आणि कारागीर त्यानेच पाठवले. त्याने पाहिलेली आणखी एक गोष्ट पुढे सांगायची आहे, म्हणून त्याचे नाव जरा ध्यानात ठेवा.

झाड एकच, तर मग रंग ठरतो कशावर? पान खुडल्यानंतर माणूस त्याचे काय करतो, यावर. सफरचंद चिरून ठेवले की लाल पडते, तसेच चहाचे पान चुरगळले की हवा लागून तांबूस होऊ लागते. पानातच एक द्रव्य असते, ते हे काम करते. पान चांगले चुरगळून ते पुरते होऊ दिले की आपला काळा चहा तयार होतो. (चिनी लोक त्यालाच 'लाल' म्हणतात, पेल्यातला रंग पाहून, आणि ते ज्याला 'काळा' म्हणतात तो निराळाच, ढीग घालून मुरवलेला.) अर्धेच होऊ दिले, तर ऊलाँग. पान नुसतेच सुकवले, तर पांढरा. आणि खुडल्यावर लवकरच कढईत परतून किंवा वाफ देऊन ते द्रव्य मारून टाकले, तर पान हिरवे राहते. तो हिरवा चहा. आन्हुई प्रांतातील कृषि महाविद्यालयाचे प्राध्यापक छन छ्वान यांनी १९७९ साली चहाची अशी सहा वर्गांत शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि तीच आज सर्वत्र चालते. पाच वर्ग झाले. सहावा पिवळा.

पिवळ्या चहाची सुरुवात थेट हिरव्यासारखीच होते. तीच कढई, तेच परतणे. पण हिरवा चहा करणारा त्यानंतर पान झटपट वाळवून टाकतो, आणि पिवळा करणारा इथे थांबतो. कोमट, दमट पान कागदात किंवा फडक्यात गुंडाळतो आणि झाकून ठेवून देतो. तास, दोन तास, कधी रात्रभर, कधी दोन दिवस. चिनी भाषेत या क्रियेला 'मेन-ह्वांग' म्हणतात. 'मेन' म्हणजे कोंडणे, घुसमटवणे. 'ह्वांग' म्हणजे पिवळे. कोंडून पिवळे करणे. मला विचाराल तर आपल्या भाषेत यापेक्षा चांगला शब्द आहे, तो म्हणजे मुरवणे. आपण लोणचे मुरवतो, मुरांबा मुरवतो, मसालेभात खाली उतरवून दहा मिनिटे झाकण न काढता वाफेवर मुरू देतो. आंबे अढीत घालून, त्यांना सारखे हात न लावता वाट पाहणे, हे तर आपल्या आजोळघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले.

झाकलेल्या पानात काय होते, ते तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात हजारदा पाहिले आहे. पालेभाजीवर झाकण ठेवले की तिचा हिरवा रंग जाऊन ती पिवळट, शेवाळी होते; म्हणूनच तर आई आपल्याला 'झाकण ठेवू नको' म्हणून ओरडायची. उष्णता, ओल आणि पानातलीच आम्ले मिळून हिरव्या रंगद्रव्यातले मॅग्नेशियम काढून टाकतात आणि हिरवेपणा लोपतो. पिवळ्या चहात हेच घडते, फक्त मंद आचेवर आणि जाणूनबुजून. त्याबरोबर आणखी एक गोष्ट होते, आणि खरी गंमत तिच्यातच आहे. हिरव्या चहाला तुरटपणा देणारी जी द्रव्ये असतात, ती काही अंशी मोडतात. गवताचा उग्र वास उडून जातो. उरतो तो एक मऊ, गोडसर स्वाद, उकडलेल्या कोवळ्या कणसाच्या जवळचा. काळ्या चहात पानातले द्रव्य जिवंत असताना बदल होतो. इथे ते आधीच मारलेले असते आणि उरलेले काम नुसती ऊब आणि ओल करते.

ऐकायला सोपे वाटते. ओले फडके टाकले आणि बसलो वाट पाहत! पण चहा करणाऱ्याचा कस इथेच लागतो. पान फार ओले राहिले तर आंबूस वास येतो. फार कोरडे झाले तर मुरतच नाही. पुडके आतून तापू लागते, ते वेळेवर उलटावे लागते. आणि कढईतल्या कामासारखे इथे डोळ्यांसमोर काहीच घडत नाही. पुडके बंद. आत काय चालले आहे, ते हाताला लागणाऱ्या उबेवरून आणि नाकाला येणाऱ्या वासावरून ओळखायचे.

या चहांत सर्वांत नावाजलेला 'जुनशान यिनचेन', म्हणजे जुनशानची रुपेरी सुई. हुनान प्रांतात डोंगटिंग नावाचे अफाट सरोवर आहे. त्यात युएयांग शहरासमोर जुनशान हे एक चिमुकले बेट. पुरता एक चौरस किलोमीटरही त्याचा विस्तार नाही. शुन राजाच्या दोन राण्यांनी पतिनिधनाच्या दुःखात ढाळलेले अश्रू तिथल्या बांबूंवर पडले आणि म्हणून त्या बांबूंवर ठिपके उमटले, अशी कथा आहे. राण्यांची समाधीही तिथे दाखवतात. या बेटावर वसंतात, एप्रिलच्या सुमारास, केवळ कळ्या खुडतात. पान नाही, उमललेली कळी नाही, निव्वळ मिटलेली टपोरी कळी. पावसात खुडायची नाही, दव असताना खुडायची नाही, किडलेली, पोकळ, जांभळट, वाकडी, फार लांब वा फार आखूड घ्यायची नाही, असे नऊ निषेध. आपल्या सोवळ्याओवळ्यालाही हार जाईल! अर्धा किलो चहाला सुमारे पंचवीस हजार कळ्या लागतात.

या कळ्या थोड्याथोड्या कढईत परततात, कोळशाच्या मंद निखाऱ्यावर अर्धवट सुकवतात, आणि मग किलो-दीड किलोचे एकेक पुडके जाड कागदात बांधून पेटीत ठेवतात. ४० ते ४८ तास. मग पुडके सोडून पुन्हा निखारा, आणि पुन्हा कागदात बांधून २० तासांच्या आसपास. शेवटी पूर्ण वाळवणे. सगळे मिळून तीन दिवस. हिरवा चहा सकाळी खुडलेला त्याच दिवशी तयार होऊ शकतो, हे लक्षात घ्या. कारण माझी सगळी गोष्ट या दोन दिवसांच्या फरकावर उभी आहे. किंग राजवटीत या बेटावरून दरवर्षी अठरा जिन, म्हणजे सुमारे दहा किलो, चहा बादशहाकडे नजराणा म्हणून जात असे.

सिचुआन प्रांतातल्या मेंगडिंग पर्वतावरही असाच कळ्यांचा चहा होतो. त्याला तीनदा परतून तीनदा मुरवतात. चच्यांग प्रांतात मोगानशान डोंगरावर आणि पिंगयांगला आणखी प्रकार आहेत. त्यांच्या खोलात शिरत नाही. पण आन्हुई प्रांतातल्या हुओशानकडे मात्र जरा थांबायला हवे, कारण पिवळ्या चहाची जन्मकुंडली तिथे सापडते.

'हुओशानची पिवळी कळी' हे नाव फार जुने. नवव्या शतकाच्या आरंभीच्या ली चाओ या लेखकाच्या टिपणांत नामवंत चहांच्या यादीत ते आहे. पण त्यावरून तेव्हा पिवळा चहा होत होता, असे समजू नये. त्या काळी चहा वाफवून, कुटून त्याच्या वड्या थापत असत. पिवळी होती ती कळी, कृती नव्हे. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने, हुंगवूने, १३९१ साली नजराण्यातल्या वड्या बंद करून सुटा चहा पाठवण्याचा हुकूम काढला. कढईत परतलेल्या सुट्या पानांचा चहा त्यानंतर सर्वत्र चालू झाला, आणि आपल्या पिवळ्याची वाट मोकळी झाली.

तो झाला कसा? १५९७ साली श्यू त्सिशू या हांगझाऊकडच्या रसिकाने चहावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात हुओशानच्या चहावर तो चांगलाच घसरला आहे. तो म्हणतो, या डोंगरी लोकांना चहा करताच येत नाही. जेवणाच्याच कढईत मोठाली लाकडे घालून परततात आणि कढईतून निघायच्या आतच तो करपवतात. शिवाय गरमागरम चहा तसाच बांबूच्या भल्यामोठ्या करंड्यांत कोंबतात. मग मूळ पान कितीही उत्तम असो, ते मलूल आणि पिवळे पडते. जेवणाबरोबर घशाखाली उतरवायला ठीक, रसिकांच्या पंक्तीला मांडण्याजोगे नाही! मात्र हेही तो नमूद करतो की हा चहा उत्तरेकडच्या प्रांतांत भरपूर खपतो, आणि दक्षिणेतही तेलकटपणा व जडपणा घालवणारा म्हणून लोक त्याची कदर करतात.

गरम चहा करंडीत कोंबला, की तो कोंडला. कोंडला, की पिवळा झाला. चहाचे अभ्यासक पिवळ्या चहाचा जुना मागोवा घेताना या तक्रारीकडेच बोट दाखवतात. हांगझाऊच्या रसिकाला जो गचाळपणा वाटला, तो पिणाऱ्यांना आवडत होता. कुणा करणाऱ्याच्या ध्यानात आले असावे की करंडीतल्या मलूल पानाची चव वाईट नाही, उलट मऊ आहे. आणि मग चुकून होणारी गोष्ट हिशेबाने होऊ लागली. आपल्याकडे कितीतरी पदार्थ असेच जन्मले असतील, पण आपल्या आज्यापणज्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

त्या डोंगरी चहाचा थेट वारसदारही आज आहे. त्याचे नाव 'हुओशान ह्वांग-ता-छा', म्हणजे थोरला पिवळा चहा. कळ्यांचे नाजूक प्रस्थ इथे नाही. चांगली मोठी पाने, देठांसकट. पाच-सात दिवस ढीग घालून मुरवतात आणि शेवटी निखाऱ्यावर अशी सणसणीत भाजणी देतात की काय विचारता! मोठी करंडी दोघांनी दोन बाजूंनी धरायची, क्षणभर निखाऱ्यावर, की उचलली. पुन्हा निखाऱ्यावर, पुन्हा उचलली. या चहाचा वास भाताच्या बुडाशी धरलेल्या खरपुडीचा येतो, असे खुद्द चिनी लोकच म्हणतात. शानतुंग, शानशी अशा उत्तरेच्या प्रांतांतले कष्टकरी लोक तो मोठाल्या भांड्यांत करून पितात. बादशहाच्या रुपेरी सुईचा हा जाडाभरडा भाऊ. कृती मात्र दोघांची एकच.

आता फॉर्च्यूनची राहिलेली गोष्ट. याच आन्हुई प्रांतात, परदेशी पाठवायच्या हिरव्या चहाच्या कारखान्यात, त्याने १८४८ साली कामगारांचे निळे पडलेले हात पाहिले. ते चहात प्रशियन ब्ल्यू हा निळा रंग आणि जिप्सम मिसळत होते. कशासाठी? तर इंग्लंड-अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला हिरवा चहा अधिक हिरवा दिसायला हवा होता. चिनी माणसे स्वतः असला चहा पीत नसत. शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून अधिक रंग परदेशी गिऱ्हाईक पोटात घालते, असा हिशेब त्याने मांडला, आणि त्या रंगाचे नमुने १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले.

रंगाची ती भेसळ इतिहासजमा झाली, पण डोळ्यांची हिरव्याची हौस गेली नाही. पिवळ्या चहाचे सध्याचे दुखणे हेच आहे. दुकानात दोन चहा शेजारी ठेवले, एक पोपटी आणि एक मंद पिवळसर, तर नवखे गिऱ्हाईक कुठला उचलील? पिवळे पान पाहून त्याला वाटते, हा गेल्या वर्षीचा शिळा असावा. त्याची शंका अगदीच खोटी नाही. जुना झालेला हिरवा चहाही पिवळटच दिसतो. मग चहावाला विचार करतो. त्याच कळ्यांचा हिरवा चहा करून आजच विकता येतो. पिवळा करायचा तर दोन दिवस जास्त, जागरण जास्त, बिघडण्याची भीती जास्त. आणि एवढे करून 'शिळा आहे का हो?' हा प्रश्न ऐकायचा. काहीजण पिवळा करणे सोडून देतात. काहीजण नाव पिवळ्याचेच ठेवतात आणि मुरवणे मात्र नावापुरते उरकतात. आमच्या घरी आलेला डबा या दुसऱ्या जातीचा. मला त्या करणाऱ्याचा राग आला होता; आता तितकासा येत नाही. पण डब्यावर खरे नाव लिहायला काय हरकत होती, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

चीनच्या एकूण चहात पिवळ्याचा वाटा आज शेकडा एकाच्याही आत आहे. मध्यंतरी तर काही ठिकाणी ही कृती जवळजवळ विसरली गेली होती. हुओशानची पिवळी कळी करणे बंदच पडले होते. १९७० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या जुन्या जाणत्या कारागिरांना हाताशी धरून ती पुन्हा उभी करावी लागली. मोगानशानचा चहाही त्याच दशकाच्या अखेरीस पुन्हा नावारूपाला आला. २०२२ साली युनेस्कोने चीनमधील चहा करण्याच्या पारंपरिक कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या. त्यांत जुनशानच्या रुपेरी सुईची कृतीही आहे. यादीत नाव आले हे बरेच झाले; पण पुडक्यापाशी रात्री उठून हात लावून बघायला यादी येत नाही, माणूस लागतो.

माझा पुतण्या मोठा मानी. आपण आणलेला डबा खोटा निघाला, हे त्याला लागले. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने रजा काढली, ग्वांगझाऊहून उत्तरेची जलद गाडी पकडली, आणि तीनेक तासांत युएयांगला उतरून बेट गाठले. तिथे एका वयस्क कारागिराने त्याला कागदाच्या पुडक्यावर हात ठेवून पाहायला लावले. "काकू, झोपलेल्या बाळाच्या पाठीला हात लावावा ना, तशी ऊब होती," असे त्याने फोनवर सांगितले. हा मुलगा लहानपणी दूध तापले की नाही हेदेखील सांगू शकत नसे! गेल्या दिवाळीत तो आला तो दोन पुड्या घेऊन. एक रुपेरी सुयांची, एवढीशी. दुसरी पोस्टाने हुओशानहून मागवलेली थोरल्या पिवळ्याची, चांगली उशीएवढी. दोन्हींच्या किमतीतला फरक त्याने मला सांगितला, पण सासूबाईंसमोर सांगू नका अशी तंबी दिली.

कुणाकडे असा चहा आलाच, तर करायची रीत सांगते. पाणी उकळावे आणि उतरून पाच-सात मिनिटे निवू द्यावे. ७० ते ८० अंश पुरे. उंच, सरळ काचेच्या पेल्यात सपाट चमचाभर कळ्या, वर पाऊण पेला पाणी, आणि वर बशी झाकण. तीन-चार मिनिटांनी बशी काढावी. आधी कळ्या वर तरंगतात, मग पाणी शोषून एकेक खाली उतरू लागते आणि तळाशी टोक वर करून उभी राहते. काही पुन्हा वर येतात, पुन्हा उतरतात. हा खेळ बघण्यासाठीच पेला काचेचा. पाणी पिवळ्या जर्दाळूच्या रंगाचे, स्वच्छ दिसायला हवे. गढूळ नको, हिरवट नको. भिजलेली कळी हिरवीगार असेल आणि वास गवताचा असेल, तर समजावे की आमच्यासारखेच तुम्हीही फसलात. आणि रंग पिवळा पण वासच नसेल, तर तो शिळा हिरवा. त्याच कळ्यांवर दोनतीनदा पाणी घालता येते. हा चहा प्यायल्याने वजन उतरते, अमके बरे होते, असल्या जाहिरातींकडे कानाडोळा करावा. आणि झोपायच्या वेळी घेऊ नये. चव मऊ असली तरी झोप उडवणारे द्रव्य यातही असतेच. थोरल्या पिवळ्याला मात्र एवढे लाड लागत नाहीत. किटलीत टाकावा आणि कढत पाणी ओतावे.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, फराळ आवरल्यावर, आम्ही दोन्ही चहा केले. रुपेरी सुयांचा पेला मधोमध ठेवून सगळी मुले भोवती बसली आणि उभ्या राहिलेल्या कळ्या मोजू लागली. चवीला तो फार सौम्य. पहिल्या घोटाला वाटते की नुसते ऊनऊन पाणीच पितो आहोत. तिसऱ्या घोटाला घशात गोडवा उतरतो आणि मग बराच वेळ तिथेच राहतो. मला तो आवडला, पण खरे सांगायचे तर रोज प्यावासा वाटला नाही. सासूबाईंनी एक घोट घेऊन पेला पुढे सरकवला. "देवापुढे ठेवायला चांगला आहे," एवढेच म्हणाल्या.

मग किटली आली. झाकण उघडताच खमंग खरपूस वास साऱ्या खोलीत पसरला. सासूबाईंनी कप नाकाशी नेला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. चुलीवरच्या पातेल्यातली खरपुडी लहानपणी त्या आणि त्यांची बहीण भांडून खात, ती आठवण त्यांनी सांगितली; आम्ही कुणी ती आधी ऐकली नव्हती. कप संपवला, दुसरा भरून घेतला. मग नातवाकडे वळून, जरा बिचकतच, त्यांनी विचारले, "बाळा, यात थोडे दूध घातले तर चालेल का रे?"

तो माझ्याकडे बघून हसला आणि दूध आणायला उठला.